तांदळाखालचे रुपये

शके १८५३, कार्तिक वद्य नवमी

ही वही ह्यांची. अर्धी लिहून झाली आणि हे गेले. नऊ वर्षे फडताळात पडून होती. वाळवी खाईल त्यापेक्षा मी लिहीन म्हटले. माझी शाळा मराठी दुसरीची. पुढचे ह्यांनी शिकवले, मास्तर होते म्हणून, तेही कपाळाला हात लावून. तेव्हा ऱ्हस्वदीर्घ कोणी काढू नये. काढणार कोण म्हणा, दाखवायची कोणाला आहे.

लिहायला बसले कारण आज ओटीवर गोंधळ झाला. माझे दीर, हरिहरभाऊजी, बंदरावरून आले ते टोपी न काढताच बसले. त्यांची मंगळुरी कौलांची वखार आहे. म्हणाले, "वहिनी, सरकारने घात केला. आजवर दोन हजारांवर प्राप्ती असली तर इन्कमटॅक्स होता. आता हजारावर आणलाय."

"तुमची आहे का हजार?"

"ते तुम्ही विचारू नका."

"बरं. पाणी घ्या."

हेमा, त्यांची बायको, आतून म्हणाली, "बागवाल्यांना नाही वाटतं?"

"आंब्याला नाही, भाताला नाही. कौलांना आहे. आजोबांनी कौलं विकायच्या ऐवजी कलमं लावली असती तर सुटलो असतो."

मला हसू आले. भाऊजींनी माझ्याकडे बघितले आणि हसू गेले. म्हणाले, "आणि घर एकत्र आहे. तुमचं जे काय येतं ते ह्याच घरात येतं. माझ्यात धरलं म्हणजे संपलं. कोणी विचारलं तर तुम्ही काही घेत नाही. कळलं?"

'जे काय येतं' म्हणजे काय, ते लिहिते. दुसरीकडे कुठे लिहिलेले नाही.

मी पैसे घेऊन मुले सांभाळते. पोस्टातल्या कारकुनाचे दोघे मुलगे, त्यांची आई सदा अंथरुणावर. आणि कमळा, साडेचार वर्षांची. तिची आई मथुरा दवाखान्यात सुईण आहे. बाप लवू, खाडीपलीकडच्या भाट्याचा, बोटीवर खलाशी. पोरे सकाळी येतात, दिवेलागणीला जातात. कारकून सात देतो, मथुरा चार. पण हातात पैसा मी घेत नाही. दर अवसेला शिधा येतो. सुपात तांदूळ, वर नारळ, आणि तांदळाखाली रुपये. ब्राह्मणाच्या विधवेला शिधा दिला एवढेच आळी बघते. हे मीच ठरवून दिले. पैसे घेऊन पोर सांभाळते ती आया. ती साहेबाच्या बंगल्यावर असते. आमच्या घराण्यात आया झालेली नाही.

तांदूळ हेमा निवडते. रुपये तिच्या बोटांना लागतात. ते ती माझ्या डब्यावर ठेवते आणि म्हणते, "तांदळात खडे फार हो." चार दिवसांनी म्हणते, "चहाची पूड संपली, वहिनी." मी काढून देते. चहा भाऊजीही पितात. तीन वर्षे असेच चालू आहे आणि कोणाला काही माहीत नाही.

मार्गशीर्ष अमावास्या

मथुरा सूप घेऊन आली. ओट्याखालीच उभी राहते. मी म्हटले, "लवूचं पत्र?"

"नाय काकू."

"किती झाले?"

"अकरा महिने."

"मेला काय तो?"

तोंडातून गेले. मला धीर नाही, पहिल्यापासूनच नाही. मथुरा रडली नाही. म्हणाली, "मेला असता तर कंपनीचं पत्र आलं असतं. म्हणजे हाय. फक्त लिवीत नाय." मग पडवीत बसलेल्या कमळीच्या डोक्यावरून हात फिरवून कामावर गेली.

कमळी पडवीत बसते, पडवीतच जेवते. आतल्या उंबऱ्यापाशी आली की थांबते. मी शिकवले नाही, बघून बघून शिकली. कारकुनाची पोरे आत जेवतात, ती आमच्यातली. कमळीला मी ताजेच वाढते, पण बाहेर. पोर हुशार. काल म्हणाली, "काकू, तू माझ्याकडे पाठ करून जेवतेस." मी म्हटले, "जेवताना बडबडू नये."

संक्रांत

आळीत हळदीकुंकू. आमच्यासारखीला बोलावणे नसते, बरेच आहे, वेळ वाचतो. मथुरेने तिळगूळ पाठवला. पाक करपून काळा झाला होता. तरी सगळा खाल्ला.

पौष वद्य षष्ठी

आज जे झाले ते लिहू की नको असे तीनदा झाले. पाटावरून उठले आणि पुन्हा बसले.

इन्कमटॅक्सचा माणूस आला. पंचविशीचा असेल, उन्हाने लाल झालेला. वखारीच्या वह्या घरी ओटीवरच्या पेटीत असतात म्हणून आला. भाऊजींनी त्याला लोड दिला, पन्हे दिले. माघ लागला नाही अजून आणि पन्हे! लोणच्यासाठी राखलेल्या कैऱ्या हेमाने उकडल्या.

तो वह्या चाळत होता. पडवीत पोरे खेळत होती. कारकुनाच्या धाकट्याने भोकाड पसरले. पाहुण्याने मान वर केली आणि हसून म्हणाला, "शाळा काढलीत की काय?"

भाऊजींचा चेहरा उतरला. माझ्याकडे बघितले. मला काय झाले कोण जाणे, कोणी पुढे विचारायच्या आत मी सुरू झाले.

"शाळा कसली हो. शेजारधर्म. त्यांची आई आजारी. पैसे कोण देतोय आणि कोण घेतोय!"

"मी पैशांचं नाही विचारलं, काकू."

तिथे गप्प बसायचे. पण मी कमळीकडे बोट केले. "आणि ही तर अनाथासारखीच. बापाने टाकलेली. आई दिवसभर बाहेर, पोर उकिरड्यावर खेळायची. दया आली म्हणून ठेवली. आमचं उष्टंखरकटं उरतं ते खाते. दोन घासांनी आपल्याला काय कमी पडतंय?"

"पुण्य आहे," तो म्हणाला. जाताना खिशातून लिमलेटची गोळी काढून कमळीला दिली. तिने घेतली आणि मुठीत धरून ठेवली. खाल्ली नाही. तिचे सागरगोटे पडवीत तसेच पडले होते.

तो गेल्यावर भाऊजी म्हणाले, "छान बोललात, वहिनी."

नऊ वर्षांत ह्या घरात मला कोणी छान म्हटले नव्हते. मला बरे वाटले. हेही लिहून ठेवते.

पौष वद्य अष्टमी

काल कमळी आली नाही. आज सकाळी मथुरा एकटी आली. दवाखान्याचे पांढरे लुगडे नेसलेली. ओट्याखाली थांबली नाही, पायऱ्या चढून वर आली. भाऊजी पेपर वाचत होते.

"उमाकाकू, एक इचारू?"

"विचार की."

"परवा रात्री पोरीसमोर ताट ठेवलं तर ती हात लावीना. म्हणते, आये, हे उष्टं का? मी म्हटलं, बाय, उष्टं कशाला, आता शिजवलंय. तर म्हणते, काकूकडे मी उष्टं खाते."

मी भाऊजींकडे बघितले.

"मग इचारते, बाबानं मला टाकलं, ते कुठं टाकलं? पाण्यात?"

भाऊजींनी पेपर तोंडापुढे धरला. मी म्हटले, "अगं, तो सरकारी माणूस आला होता. करामुळे बोलावं लागलं. तसं मनात..."

"कर माझ्या पोरीवर हाय?"

"नाही."

"माझ्या घोवावर हाय?"

"नाही गं."

"मग आमाला कशाला घातलंव मधी? मी तुमाला चार रुपये देतंय, काकू. माझ्या पगारातला पाचवा हिस्सा. तांदूळ येगळे, नारळ येगळा. तुमची लाज झाकायला नारळसुद्धा मीच आणतंय!"

तिने कनवटीचे चार रुपये काढले आणि ओट्याच्या चिऱ्यावर एकेक करून ठेवले. बंदे रुपये, चारही वाजले. "ह्या महिन्याचे. आठ दिवस बाकी हायत, ते उपकार म्हणून नको. कापून पण नको."

आणि गेली. समोरच्या घरातली मालन दारात उभी होती. तिने सगळे बघितले. भाऊजी पुटपुटले, "उचला ते. लोक बघतायत." माझ्याने उचलवेना. ते स्वतः उठले, खांद्यावरचा पंचा रुपयांवर टाकला आणि आत गेले. संध्याकाळी पंचा तारेवर होता. रुपये कोणी उचलले विचारले नाही.

पौष अमावास्या

कारकुनाचा शिधा आला. सुपात हात घालावासा वाटेना. हेमाने निवडले.

दोन पोरे घरात आहेत तरी पडवी रिकामी वाटते. कमळी गप्प बसणारी, तिचा आवाज तसाही नव्हताच. मग रिकामे काय वाटते ते कळत नाही. तिचे सागरगोटे गोळा करून कोनाड्यात ठेवले. चार सापडले, एक नाही. दोनदा पडवी झाडून काढली.

माघ शुद्ध पंचमी

बाजारातून येताना उगाच दवाखान्यावरून आले. वाट वाकडी पडते, पण आले. कमळी बाहेरच्या पायरीवर बसली होती, एकटी. उन्हात. पलीकडे कसलेसे कापसाचे बोळे जाळलेले. मी हाक मारली. तिने बघितले आणि उठून खांबाच्या मागे गेली. मी राजगिऱ्याचा लाडू पुढे केला. खांबामागून म्हणाली, "तू खाल्लास यातला?"

"नाही गं, दुकानातून आत्ता आणला."

तरी घेतला नाही.

पायरीवर ठेवून आले. वळून बघितले तर कावळा नेत होता.

घरी येऊन हेमावर ओरडले, ताक पातळ झाले म्हणून. ताक बरे होते.

माघ शुद्ध एकादशी

उद्या इन्कमटॅक्सच्या मोठ्या साहेबांचा मुक्काम सरकारी बंगल्यात आहे. भाऊजींना वह्या घेऊन बोलावले आहे. बंदरावरचे सगळेच जाणार. मी ठरवले आहे. भाऊजींना सांगितलेले नाही. खोटे ज्यांच्या माणसापुढे बोलले त्यांच्याकडे जाऊन ते काढून घ्यायचे. मग मथुरेपुढे तोंड घेऊन जाता येईल. कर बसला तर बसू दे. माझा डबा आहे, त्यातून भरीन.

माघ शुद्ध द्वादशी

गेले. बंगल्याच्या व्हरांड्यात बाकावर व्यापारी बसलेले, सुपारीवाले, मिठाचे, सुक्या मासळीचे. सगळ्यांच्या मांडीवर वह्या. त्यांत भाऊजी. मला बघून उभेच राहिले. "वहिनी, घरी काय झालं?"

"घरी काही नाही. तुम्ही बसा."

शिपाई म्हणाला नंबर लागेल. मी म्हटले, माझा नंबर नाही आणि मला वेळही नाही, आणि आत गेले. दार उघडेच होते. साहेब म्हातारे, चष्म्यावरून बघणारे. म्हणाले, "आपलं नाव यादीत?"

"नाही. गोपाळकृष्ण मास्तरांची बायको मी. तुमच्या माणसाला खोटं सांगितलं, ते खरं करायला आले. मी पैसे घेऊन मुलं सांभाळते. महिन्याला अकरा रुपये."

"म्हणजे वर्षाला एकशेबत्तीस." त्यांनी लेखणी खाली ठेवली. "बाई, हजाराच्या आत कर नाही."

"ते ठाऊक आहे मला. पण घर एकत्र आहे. दिरांच्यात धरणार ना?"

"का धरू? तुमच्या अंगमेहनतीचे पैसे. ते तुमचे. एकत्र घराच्या प्राप्तीत येत नाहीत."

"कोणाचे?"

"तुमचे."

मला खरे वाटेना. "परत सांगा," म्हटले. त्यांनी परत सांगितले, जरा मोठ्याने, बहुतेक मी बहिरी आहे असे वाटून.

"म्हणजे मी खोटं बोलले नसते तर भाऊजींना किती जास्त पडला असता?"

"दुसऱ्याचं मी सांगू शकत नाही. पण तुमच्या अकरा रुपयांनी कोणाचं काही हललं नसतं."

म्हणजे फुकट. सगळे फुकटच बोलले मी. आजवर लाज वाटत होती तरी तिला एक टेकू होता, की घरासाठी बोलले. तोही गेला.

मी म्हटले, "मग निदान एवढं लिहून घ्या. मथुराबाई चार रुपये देतात. तिच्या नवऱ्याने तिला टाकलेली नाही."

"कुठे लिहू? ह्या कागदावर तशी जागा नाही." मग म्हणाले, "बाहेर माणसं खोळंबली आहेत, बाई."

खोळंबली होतीच, आणि कान देऊन होती. मी दारात उभी राहिले. आवाज माझा मोठा, तो बसला नाही. म्हटले, "सगळ्यांनी ऐकलंच आहे तर पुरतं ऐका. मी पैसे घेऊन मुलं सांभाळते. भाट्याच्या लवूची बायको मथुरा, दवाखान्यातली सुईण, मला महिन्याचे चार रुपये मोजते. लवू बोटीवर आहे. पोर कोणाचं उष्टं खात नाही. ते मी खोटं बोलले होते."

कोणी हसले नाही. मासळीवाला महिपत म्हणाला, "आमच्या नातवाला घ्याल काय वो, काकू?" तेव्हा हसले. भाऊजी आपल्या वहाणा बघत होते.

घरी आल्यावर ते म्हणाले, "सगळ्या बंदरासमोर आया झालात."

"होतेच. आता बंदराला कळलं."

ते जेवले नाहीत. संध्याकाळी हेमा माझ्या डब्याशी आली. पदराच्या गाठीतून चार रुपये काढून डब्यावर ठेवले. "त्या दिवशीचे," म्हणाली. ह्या वेळी खड्यांचे काही बोलली नाही.

माघ वद्य द्वितीया

मथुरेच्या खोलीवर गेले. दवाखान्याच्या मागे राहते. ती तांदूळ धूत होती. बस म्हणाली नाही.

"बंदरावरचं कळलं असेल," मी म्हटले.

"बाजारात कळलं. सायबाला आधी सांगितलंव, व्यापाऱ्यांना सांगितलंव. आमच्याकडं आलाव सगळ्यांच्या मागनं."

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. खरेच आले नव्हते. मला वाटत होते मी मोठे काम करून आले आहे.

चुकले, हा शब्द मी कधी कोणाला म्हटल्याचे आठवत नाही. ह्यांनाही नाही. उभ्याउभ्या शेवटी म्हटला. मथुरेने धुवणाचे पाणी शेवग्याच्या बुंध्याशी ओतले. म्हणाली, "पायरीवर पोर बसवून मला बाळंतपणं सुधरत नायत. म्हणून पाठवते. तुमच्या बोलण्यावर नाय."

"बरं."

"शिधा बंद. पैसे दिवसाढवळ्या, ओट्यावर, हातात."

"बरं."

"कारकुनाची पोरं जेवतात तिथं ती जेवंल. आत."

मी थबकले. तिने ते बघितले.

"भाऊजींना इचारून सांगा," ती म्हणाली.

"त्यांना काय विचारायचं. पोरं मी सांभाळते." मग म्हटले, "आत जेवेल."

कमळी दाराआड होती. पायाचा अंगठा दिसत होता.

माघ अमावास्या

सकाळी दहाला मथुरा आली, त्यानंतर पहिल्यांदाच कमळीला घेऊन. सूप नाही, नारळ नाही. मालन समोरच्या दारात, शेजारची काशी विहिरीवर, दोघींची कामे अडली. मथुरेने माझ्या हातावर पुढच्या महिन्याचे चार रुपये ठेवले. तळहात उघडा किती धरायचा आणि कधी मिटायचा तेच मला कळेना. अठ्ठेचाळीस वर्षांत उघड्या हातावर कोणी पैसा ठेवला नव्हता. कान तापले. मथुरा म्हणाली, "मोजा." चारच होते, तरी मोजले.

दुपारी आत पाने मांडली. कारकुनाच्या पोरांच्या शेजारी एक पान जास्त. भाऊजी मुद्दाम वखारीवर जेवायला थांबले. हेमाने भात वाढला.

"कमळे, ये."

ती आली, उंबऱ्यापर्यंत. तिथे थांबली. मी म्हटले, "आत ये, आता चालतं." ती उंबऱ्याकडे बघत राहिली. पाऊल उचलेना. हात धरायला गेले तर मागे सरली. थांब तिथे असे मी तिला कधी म्हटले नव्हते. तरी ती थांबली होती.

रागवायला तोंड उघडले होते मी. मिटले.

मग तिचे पान उचलून पडवीत ठेवले. माझेही पान उचलले आणि तिच्यासमोर बसले, तोंड तिच्याकडे करून. हेमा दारातून बघत होती. कमळी पानाला हात लावीना. मी तिला दाखवावे म्हणून माझा घास कालवला आणि तोंडाशी नेला.

"नको," ती म्हणाली. "तू आधी खाऊ नको. तू खाल्लंस की उष्टं होतं."

मी घास पानात परत ठेवला. हात आवरून बसले. ती एकेक शीत बघून जेवू लागली. सावकाश. फार सावकाश. माझा भात गार झाला. मी बसून राहिले.